निनावी निंदा

पुण्याच्या दक्षिणेस कात्रजच्या डोंगरापायथ्याशीं जो तलाव आहे, त्याचें पाणी एके काळीं पुणेकरांच्या दारापर्यंत येत असे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत तेथें बांध घालण्यांत आला आणि बंदिस्त नळांतून तें पाणी शहरांतील वाड्यांना व सार्वजनिक हौदांना पुरविण्यांत आलें. बायका घागरी घेऊन या हौदांवर जात, आणि पाण्याबरोबर गांवच्या वार्ताही घरीं येत. कोणाच्या सुनेचें पाऊल वांकडें पडलें, कोणाची विधवा बहीण कोणाशीं बोलतांना दिसली, याचा निवाडा पुष्कळदां हौदावरच होऊन जाई. तो निवाडा न्याय्य असे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्याला एक मर्यादा होती. बोलणारी कोण हें ऐकणारीला ठाऊक असे, आणि जिच्याविषयीं बोललें गेलें तिच्याशीं दुसऱ्या दिवशीं त्याच हौदावर गांठ पडेल, ही धास्तीही बोलणारीच्या मनांत असे.

आज कात्रज हें स्वतःच एक गजबजलेलें उपनगर झालें आहे. शेजारीं धनकवडीस भारती विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. लातूर, नांदेड, सोलापूर, सांगली अशा दूरदूरच्या गांवांहून आलेल्या मुली या भागांत वसतिगृहांत किंवा तिघी-चौघी मिळून भाड्याच्या खोलींत राहतात. हौदाची जागा आतां हातांतल्या मोबाइलनें घेतली आहे. या नव्या हौदावर येणाराला तोंड दाखवावें लागत नाहीं, नांव सांगावें लागत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं कोणाची गांठही पडत नाहीं. मुलीनें आपलें एखादें छायाचित्र किंवा मत प्रसिद्ध करावें, आणि तासाभरांत तिच्या शीलाविषयीं, रूपाविषयीं, जातीधर्माविषयीं शेंकडों अपरिचितांनीं वाटेल तें लिहावें, हा प्रकार इतका रोजचा झाला आहे कीं त्याला 'ट्रोल होणें' असें एक हलकेंफुलकें नांवही मिळालें आहे. नांव हलकें मिळालें म्हणजे गोष्टही हलकी वाटूं लागते, ही भाषेची एक वाईट खोड आहे.

वस्तुतः पुण्याला ही गोष्ट नवी नाहीं. 1848 सालीं बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या, तेव्हां रस्त्यानें जातांना त्यांच्या अंगावर शेण व दगड फेकण्यांत येत. शाळेंत गेल्यावर बदलण्यासाठीं त्या एक जादा लुगडें बरोबर नेत असत. त्याच पेठेंत बाहुलीचा हौद आहे. डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं आपल्या लहान मुलीला शिकविण्याचा आग्रह धरला. तो न खपल्यामुळें नातलगांपैकीं कोणी तिला अन्नांतून कांच खावयास घातली व ती दगावली, असें परंपरेनें सांगण्यांत येतें. तिच्या स्मरणार्थ घोल्यांनीं तो हौद बांधविला.

शेण आणि दगड यांच्यामागोमाग छापखाना आला. 1881 सालीं सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेवर अर्भकहत्येचा खटला होऊन तिला फांशीची शिक्षा फर्माविण्यांत आली. पुढें ती कमी करण्यांत आली. परंतु या निमित्तानें 'पुणें वैभव' पत्रानें एकंदर स्त्रीजातीच्याच नीतिमत्तेवर तोंडसुख घेतलें. त्याला वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 1882 सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध पुण्यांत छापून सडेतोड उत्तर दिलें. ज्या दोषांचें खापर स्त्रीच्या माथीं मारतां, ते पुरुषांत नाहींत काय, हा त्यांचा प्रश्न. पुस्तकावर इतकी टीका झाली कीं जोतीरावांना 1885 सालीं 'सत्सार' मध्यें ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचें त्यानंतरचें दुसरें पुस्तक नाहीं. निंदेचा हिशेब करतांना लोक काय बोलले याची मोजदाद होते. ज्या लेखणीनें पुढें लिहिलें नाहीं, तिची नोंद कोणी ठेवीत नाहीं.

येथें निनावीपणाविषयींही दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण सर्व रोगाचें मूळ त्यांतच आहे, सबब प्रत्येकानें खऱ्या नांवानेंच लिहावें असा कायदा करा, असें पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणतात. हा उपाय दिसतो तितका निर्दोष नाहीं. 1885 सालीं 'टाइम्स ऑफ इंडिया' मध्यें 'एक हिंदु स्त्री' या सहीनें बालविवाहाविरुद्ध पत्रें प्रसिद्ध झालीं. तीं लिहिणारी रखमाबाई. लहानपणीं झालेल्या विवाहाच्या पतीकडे नांदावयास जाण्याचें तिनें नाकारलें होतें, आणि 1887 सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें तिला पतीकडे जा किंवा सहा महिने तुरुंगांत बस असा हुकूम केला. 'केसरी' सारखें वजनदार पत्र तिच्या विरुद्ध होतें. अखेर 1888 सालीं तडजोड होऊन प्रकरण मिटलें, ती विलायतेस जाऊन डॉक्टर झाली, आणि तिनें पुढें सुरतेस व राजकोटास वर्षानुवर्षें रुग्णसेवा केली. त्या निनावी सहीचा आडोसा नसता तर तीं पत्रें लिहिलीं गेलीं असतीं काय? दुबळ्याला जें चिलखत होतें, तेंच बळवंताला बुरख्यासारखें वापरतां येतें, ही खरी अडचण आहे. शिवाय खरें नांव देणें बंधनकारक केलें कीं धमकी देणारापेक्षां धमकी सोसणारीचाच पत्ता आधीं सांपडावयाचा.

मग आजच्या निंदेंत नवें काय आहे? पहिली गोष्ट म्हणजे ती जवळजवळ फुकट आहे. शेण फेकणाराला निदान हात तरी बरबटून घ्यावे लागत. दुसरी गोष्ट यंत्राची आहे. समाजमाध्यमांवर कोणता मजकूर कोणाच्या डोळ्यांपुढें आणावयाचा हें अल्गोरिदम नांवाची गणिती रीत ठरविते. आणि ज्या मजकुरावर लोक थांबतात, उत्तर देतात, भांडतात, तो ती पुढें ढकलते. कंपनीला जाहिराती दाखवावयाच्या असल्यामुळें माणूस पडद्यापाशीं खिळून राहणें हाच तिचा नफा. संताप हा थांबवून धरणारा मोठा प्रभावी विकार आहे. म्हणून एखादीचा बचाव करण्यासाठीं दहा भल्या माणसांनीं लिहिलेलीं उत्तरेंही कित्येकदां त्या मूळ शिवीचाच प्रसार करतात. तिसरी गोष्ट, एकदां निघालेली प्रत परत घेतां येत नाहीं. मूळ मजकूर पुसला तरी त्याचा स्क्रीनशॉट कोणाच्या तरी खिशांत राहतोच. आणि अलीकडे डीपफेकमुळें छायाचित्र खरें असण्याचीही गरज उरलेली नाहीं. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांतला साधा चेहरा घेऊन तो दुसऱ्याच शरीरावर बसविण्याचें काम यंत्र कांहीं क्षणांत करतें. 'असलीं छायाचित्रें काढलींच कां' हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न त्यामुळें अगदींच निरर्थक झाला आहे.

हें कृत्य करणारा कोणी अडाणी, बेकार टोळभैरव असतो अशी एक सोयीची समजूत आहे. घटना तिला साक्ष देत नाहींत. 2021 च्या ऑक्टोबरांत टी-20 विश्वचषकांत भारताचा संघ पाकिस्तानकडून हरला, तेव्हां कर्णधार विराट कोहली यांच्या वर्षाच्याही आंतल्या मुलीला उद्देशून बलात्काराची धमकी लिहिली गेली. मुंबई पोलिसांनीं त्या प्रकरणीं हैदराबादेहून ज्याला पकडलें, तो तेवीस वर्षांचा अभियंता होता. पुढें फिर्यादी पक्षाच्या संमतीनें उच्च न्यायालयानें 2023 सालीं तो खटला रद्द केला. 2022 सालच्या पहिल्याच दिवशीं 'बुल्ली बाई' नांवाचें एक ॲप उघडकीस आलें. त्यावर अनेक मुसलमान स्त्रियांचीं, विशेषतः पत्रकार आणि सार्वजनिक प्रश्नांवर बोलणाऱ्या स्त्रियांचीं छायाचित्रें लावून त्यांच्या लिलावाचें सोंग मांडलेलें होतें. मुंबई व दिल्ली येथील पोलिसांनीं ज्यांना अटक केली त्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते, बहुतेक विशीच्या आगेंमागें. आणि त्यांत एक अठरा वर्षांची मुलगीही होती. शिक्षणानें माणूस सुसंस्कृत होतो हें सुशिक्षित कुटुंबांत गृहीत धरलें जातें. तें तपासून पाहण्यासारखें आहे, आणि तपासणी घरच्या मुलग्यांपासून सुरू करावयास हरकत नाहीं.

दुसरी समजूत अशी कीं छळ करणारा नेहमीं परका असतो. मुंबईंत 2009 सालीं एका तरुणीला अज्ञात पत्त्यावरून अश्लील ई-मेल येऊं लागले. तपासाअंतीं तो तिच्याच कार्यालयांतील सहकारी निघाला. 2015 सालीं न्यायालयानें त्याला दोषी ठरविलें. न्याय मिळाला खरा, परंतु सहा वर्षांनीं.

या सर्वांचा परिणाम घरांत कसा होतो हें पाहणें महत्त्वाचें आहे. कात्रजच्या खोलींत राहणाऱ्या मुलीला असा एखादा संदेश आला, तर तिला पहिली भीति त्या अपरिचिताची वाटत नाहीं; आई-बाबांना कळेल याची वाटते. कळलें कीं प्रथम मोबाइल काढून घेतला जाईल, मग खोली सोडावी लागेल, आणि मग 'शिक्षण पुरे झालें, आतां स्थळ पाहूं' असें ठरेल, हें ती ओळखून असते. म्हणून ती गप्प राहते. आणि पैसे उकळणाऱ्या किंवा भेटीला बोलावणाऱ्या नराधमाचें सारें बळ नेमकें या गप्प राहण्यांत असतें. त्याच्याजवळ कित्येकदां दुसरें शस्त्र मुळींच नसतें. अपराध एकाचा आणि घरकोंडी दुसरीला, ही वांटणी करणारे लोक दुष्ट नसतात. ते भ्यालेले असतात, आणि प्रेमापोटींच तसें करतात. पण छळणाऱ्याचा हेतु त्यांच्याच हातून तडीस जातो.

कायद्याचा इतिहासही सरळ नाहीं. माहिती तंत्रज्ञान कायद्यांतील 66 अ हें कलम त्रासदायक संदेशांना आळा घालण्यासाठीं म्हणून आलें. त्याचा प्रत्यक्ष वापर 2012 च्या नोव्हेंबरांत पालघरला दिसला. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद कां, असें फेसबुकवर विचारणारी एक मुलगी आणि तो मजकूर नुसता पसंत करणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना पोलिसांनीं अटक केली, आणि जमावानें पहिलीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली. दुसऱ्याच्या भावना दुखावणें हाच गुन्हा ठरविला कीं कायद्याचें हत्यार प्रथम कोणावर चालतें, हें त्या दिवशीं कळून आलें. सर्वोच्च न्यायालयानें 24 मार्च 2015 रोजीं तें कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलें.

तथापि धमकी, पाठलाग आणि खासगी छायाचित्रांचा प्रसार हे मतस्वातंत्र्याचे प्रकार नव्हेत, आणि त्यांच्यासाठीं स्वतंत्र कलमें आहेत. स्त्रीनें नको म्हटल्यावरही तिच्याशीं पुनःपुन्हां संपर्क साधणें किंवा इंटरनेटवरील तिच्या वावरावर पाळत ठेवणें हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागूं झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तो कलम 78 मध्यें येतो. पहिल्या वेळीं तीन वर्षांपर्यंत व पुन्हां केल्यास पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. नांव लपवून दिलेली धमकी कलम 351 मध्यें येते व लपविण्याबद्दल जादा शिक्षा सांगितलेली आहे. अश्लील मजकूर पसरविणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचीं कलमें लागतात. स्त्रीचें नग्न किंवा बनावट अश्लील छायाचित्र तिच्या तक्रारीवरून काढून टाकण्याचें बंधन कंपन्यांवर 2021 च्या नियमांनीं घातलें, आणि त्याची मुदत प्रथम चोवीस तासांची ठरली.

प्रत्यक्ष प्रसंगीं पहिला मोह सर्व कांहीं पुसून टाकण्याचा होतो. तो आवरावा. संदेश, त्यावरील दिनांक व वेळ, आणि ज्या खात्यावरून तो आला त्याचा पूर्ण पत्ता हीं सर्व दिसतील असे स्क्रीनशॉट आधीं घ्यावेत. मग तें खातें बंद करावें. उत्तर देऊं नये आणि पैसे तर मुळींच देऊं नयेत, कारण एकदां पैसे दिले कीं मागणी वाढत जाते. खासगी छायाचित्र पसरविण्याची धमकी असेल तर 'स्टॉप एन.सी.आय.आय.' ही एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था उपयोगी पडते. तिच्यांत छायाचित्र कोणाकडेही पाठवावें लागत नाहीं. स्वतःच्याच यंत्रावर त्या छायाचित्राचा एक आंकडेवजा ठसा तयार होतो व तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो. त्या ठशाशीं जुळणारें चित्र कोणी चढवूं लागला तर तें त्यांना ओळखतां येतें. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर अशा प्रकारची तक्रार स्वतःचें नांव न देतांही नोंदवितां येते.

पोलिस ठाण्याच्या हद्दीचा प्रश्नही आतां आड येऊं नये. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणें गुन्हा कोठेंही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यांत देतां येते. ती ई-मेलनें दिल्यास तीन दिवसांच्या आंत सही करावी लागते. छायाचित्र लातुरांत पसरलें आणि मुलगी कात्रजला राहत असली, तर तिनें लातूरची गाडी पकडण्याची जरुरी नाहीं. पाठलागासारख्या या गुन्ह्यांत तिची खबर स्त्री-अधिकाऱ्यानेंच लिहून घ्यावयाची असते. सोबत कोण जातें याविषयीं कायदा कांहीं बोलत नाहीं. तिनें आईला सांगितलें असेल तर बहुधा आई जाते.