भिन्न शिरोयंत्रे, एकच खेळ : आभासी वास्तवातील आज्ञावलींच्या परस्परमेळाचा प्रश्न

आभासी वास्तवाचा खेळ शिरोयंत्रावर, म्हणजे ज्याला आपण सर्रास हेडसेट म्हणतो त्यावर, चालतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती काटेकोरपणे पाहता बरोबर नाही. खेळाची आज्ञावली हेडसेटशी क्वचितच सरळ बोलते. त्या दोहोंमध्ये तिसरा एक थर असतो व त्यास रनटाइम असे नाव आहे. मस्तक कोणत्या दिशेस वळले, हात कोठे आहेत, पुढील चित्र नेमके कोणत्या क्षणी डोळ्यांपुढे येणार, हे सर्व हा थर खेळास कळवितो आणि खेळाने काढलेली चित्रे भिंगांच्या वक्रतेनुसार सुधारून पडद्यावर पाठवितो. खेळाने कोणते शब्द उच्चारले असता रनटाइम कोणते उत्तर देईल याविषयीचा जो करार, त्यास एपीआय म्हणतात. एका कंपनीचा खेळ दुसऱ्या कंपनीच्या हेडसेटवर चालेल की नाही हा प्रश्न वस्तुतः या कराराचा आहे. काच, पडदा व तारा यांचा त्यात भाग अल्पच.

2016 साली हा प्रश्न प्रथम ऐरणीवर आला. त्या वर्षीच्या मार्चअखेर ऑक्युलस रिफ्ट व एप्रिलच्या आरंभी एचटीसी व्हाइव्ह ग्राहकांच्या हाती पडले. रिफ्टचा करार ऑक्युलसचा स्वतःचा होता. व्हाइव्हचा करार व्हॉल्व्ह कंपनीचा, ओपनव्हीआर या नावाचा. यांतील विषमता लक्षात घेण्याजोगी आहे. ओपनव्हीआरवर लिहिलेला खेळ स्टीमव्हीआरच्या द्वारे रिफ्टवरही चाले. परंतु ऑक्युलसच्या दुकानातील खेळ व्हाइव्हवर चालण्याची अधिकृत सोय नव्हती. तेव्हा एप्रिलमध्येच रिव्हाइव्ह नावाची एक छोटी आज्ञावली अवतरली. खेळ ऑक्युलसच्या रनटाइमला हाक मारी. ही आज्ञावली मध्येच ती हाक ऐकून तिचे ओपनव्हीआरच्या भाषेत रूपांतर करी. मे महिन्यात ऑक्युलसने आपल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत, रिफ्ट जोडलेला आहे काय, याची तपासणी खेळाच्या मालकीहक्काच्या तपासणीस जोडून दिली. परिणाम असा झाला की रिव्हाइव्हच्या कर्त्याने मालकीहक्काची तपासणीच वळसा घालून टाळली. म्हणजे चोरीस प्रतिबंध करणारी भिंतही त्याबरोबर कोसळली. जून महिन्यात ऑक्युलसने हेडसेटची अट काढून घेतली आणि कर्त्यानेही आपला वळसा मागे घेतला. परस्परमेळास आडकाठी करण्यासाठी योजलेल्या उपायाने दुकानाचे रक्षण होण्याऐवजी नुकसानच अधिक झाले, ही गोष्ट या प्रकरणात स्पष्ट दिसते.

रूपांतर करणाऱ्या अशा दुभाष्या आज्ञावलींची मर्यादा मराठी वाचकास समजावून सांगणे कठीण नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम व मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी या दोन्हींत मराठी मजकूर छापला जाई. कागदावर अक्षर तेच दिसे. संगणकाच्या पोटात मात्र त्याचा अंक निराळा. ज्यांनी असा मजकूर परिवर्तकातून काढला आहे त्यांस ठाऊक असेल की सरळ अक्षरे बिनचूक उतरत, आणि रफार, अर्धी अक्षरे व क्वचित येणारे जोडाक्षर येथे घोटाळा होई. आभासी वास्तवातही चित्र हे सरळ अक्षर आहे. दोन डोळ्यांसाठी दोन प्रतिमा, मस्तकाचे स्थान मीटरमध्ये व त्याची दिशा चतुष्टयीने सांगणे, या गोष्टी सर्व करारांत जवळजवळ सारख्याच आहेत व त्यांचे रूपांतर फारशी हानी न होता होते. घोटाळा होतो तो काळात आणि हातात.

प्रथम काळाचा विचार करू. सेकंदास 90 चित्रे दाखविणाऱ्या हेडसेटमध्ये एका चित्राच्या वाट्यास सुमारे 11.1 मिलिसेकंद येतात. चित्र पडद्यावर उमटेपर्यंत मस्तक कोठे असेल याचा अंदाज रनटाइमने आधीच करावयाचा, खेळाने त्या अंदाजावर चित्र काढावयाचे, आणि अखेरच्या क्षणी मस्तक किंचित अधिक वळले असल्यास रनटाइमने तयार चित्र तेवढे सरकवून घ्यावयाचे. या शेवटच्या क्रियेस टाइमवॉर्प म्हणतात. ओपनव्हीआरचा खेळ स्टीमव्हीआरमार्फत ऑक्युलसच्या रनटाइमकडे जातो तेव्हा एका रनटाइमचे काम दुसऱ्यावर रचले जाते आणि त्या तुटपुंज्या अवधीतील काही भाग मधल्या मध्येच खर्च होतो. बैठ्या खेळात हे ध्यानात येत नाही; वेगवान हालचालीत डोके जड होते. ओपनकम्पोझिट या मुक्त आज्ञावलीने मधला स्टीमव्हीआर गाळून ओपनव्हीआरच्या हाका सरळ ओपनएक्सआरमध्ये उतरविल्या, याचे कारण हेच.

हाताचा प्रश्न याहून अवघड आहे. व्हाइव्हच्या मूळ नियंत्रकावर अंगठ्यासाठी गोल स्पर्शपट्टी होती, कांडी नव्हती. त्याची मूठ-कळ एकतर दाबलेली, नाहीतर सुटलेली. ऑक्युलस टचवर कांडी आहे, मूठ किती आवळली हे अंशाअंशाने कळते, आणि बोट कळीवर नुसते टेकले आहे की उचललेले आहे, हेही जाणवते. 2019 सालच्या व्हॉल्व्ह इंडेक्सच्या नियंत्रकात प्रत्येक बोटाची हालचाल व पकडीचा जोरही मोजला जातो. ज्या खेळात बोट दाखवून खूण करणे हाच खेळाचा भाग आहे, तो स्पर्शपट्टीवर कसा उतरवावा? येथे कोणताही दुभाष्या केवळ तडजोड करू शकतो.

ख्रोनोस ग्रूप या उद्योगसंघाने 2016 च्या डिसेंबरात सामाईक मानकाचे काम हाती घेतल्याचे जाहीर केले. 2017 त त्यास ओपनएक्सआर हे नाव मिळाले, 2019 च्या जुलैत त्याची 1.0 आवृत्ती निघाली व 2024 च्या एप्रिलात 1.1. हातांच्या बाबतीत या मानकाने योजलेली युक्ती मला विशेष मार्मिक वाटते. खेळाने ‘अमुक कळ दाबली का’ असे विचारावयाचेच नाही. ‘उचलणे’, ‘फेकणे’, ‘पुढे जाणे’ अशा क्रिया खेळाने जाहीर कराव्यात, आपणास ठाऊक असलेल्या नियंत्रकांसाठी कोणती क्रिया कोणत्या कळीस जोडावी याची सूचना द्यावी, आणि अखेरची जोडणी रनटाइमवर सोपवावी. त्यामुळे खेळ लिहिला गेला तेव्हा अस्तित्वात नसलेल्या नियंत्रकासही त्यात शिरकाव मिळू शकतो. 2021 साली ऑक्युलसनेही आपला स्वतंत्र करार निवृत्त करीत असल्याचे सांगितले व नव्या कामासाठी ओपनएक्सआरचीच शिफारस केली.

तथापि येथे प्रश्न मिटला असे मानणे घाईचे होईल. मानकाच्या गाभ्याबाहेर प्रत्येक कंपनीच्या पुरवण्या असतात. भोवतालची खोली कॅमेऱ्यातून दाखविणे यांसारख्या गोष्टी बराच काळ अशा पुरवण्यांतच राहिल्या, आणि ज्या खेळाने त्यांचा आश्रय घेतला तो पुन्हा त्या कंपनीस बांधला गेला. खरेदीची तपासणी, मित्रांस निमंत्रण, गुणांची नोंद या सेवा तर मानकाच्या कक्षेतच येत नाहीत. ॲपलने 2024 साली आणलेले व्हिजन प्रो ओपनएक्सआरच्या बाहेरच राहिले. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की रनटाइमच्या आयुर्मानाविषयी मानक काही बोलत नाही.

सोनईसारख्या ठिकाणच्या अभ्यासकास हा शेवटचा मुद्दा सर्वांत जवळचा आहे. पुण्या-मुंबईच्या एखाद्या कंपनीत जुने हेडसेट टाकून नवे घेणे ही नित्याची बाब असेल. नेवासे तालुक्यातील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अशी खरेदी वर्षानुवर्षांतून एकदाच होणार, आणि विद्यार्थ्याने स्वतः घेतलेले यंत्र बहुधा दुसऱ्याच्या हातचे असणार. 2017 पासून एसर, एचपी, लेनोव्हो, डेल, सॅमसंग आदींनी विंडोज मिक्स्ड रिॲलिटीची हेडसेटे काढली. किंमत त्यामानाने कमी, पुढे ओपनएक्सआरचा पाठिंबा, स्टीमव्हीआरशीही जोड. परस्परमेळाच्या दृष्टीने त्यांत खोट काढण्यास जागा नव्हती. 2023 च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने हा रनटाइम मागे घेत असल्याचे सांगितले आणि 2024 च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीतून तो काढून टाकला. भिंगे शाबूत, पडदे शाबूत, आणि संगणक अद्ययावत करताच यंत्र मुके! 2025 साली एका अभियंत्याने ओॲसिस नावाची विनामूल्य चालक-आज्ञावली प्रसिद्ध करून ही हेडसेटे स्टीमव्हीआरवर पुन्हा बोलती केली. मात्र प्रसिद्धीच्या वेळी ती एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डांसाठीच होती. मानकाने खेळ वाचला, हेडसेट वाचला नाही, असा या घटनेचा अर्थ मी लावतो. म्हणून खरेदीपूर्वी पडद्याची सूक्ष्मता विचारण्याआधी, कंपनीने हात आखडता घेतल्यास हे यंत्र दुसऱ्या कोणत्या रनटाइमवर चालेल, असे विचारणे अधिक शहाणपणाचे.

या दृष्टीने मोनाडो हा लिनक्सवर चालणारा मुक्त ओपनएक्सआर रनटाइम आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावा. त्याची मूळ संहिता वाचावयास मिळते, आणि त्यात कल्पित हेडसेटची सोय असल्यामुळे प्रत्यक्ष यंत्र हाती नसतानाही ओपनएक्सआरची आज्ञावली चालवून पाहता येते. गोडो या मुक्त खेळनिर्मिती-साधनातही 2023 च्या 4.0 आवृत्तीपासून ओपनएक्सआर अंतर्भूत आहे. या दोहोंच्या साहाय्याने एखादा लहानसा खेळ रचून, तो केवळ गाभ्यातील आज्ञांवर कितपत चालतो व कोणत्या पुरवणीशिवाय अडतो, याची नोंद करणे पदव्युत्तर प्रकल्पास पुरेल. हेडसेट उपलब्ध असल्यास ओपनव्हीआरवरचा एकच खेळ एकदा स्टीमव्हीआरमार्फत व एकदा ओपनकम्पोझिटमार्फत चालवून प्रत्येक चित्रास लागणारा अवधी मोजावा. दोन्ही मोजण्या त्याच संगणकावर, त्याच दृश्यात व चित्राची सूक्ष्मता तीच ठेवून केल्या पाहिजेत, कारण दोन्ही मार्गांतील मूळ नेमणुका एकसारख्या नसण्याचा संभव असतो.