कॉलेजात भेदभाव झाला तर?

मुळशीत लवळ्याच्या डोंगरावर खासगी विद्यापीठं आहेत, तर पिरंगुटचं कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. समतेचा नियम मात्र दोन्हीकडे एकच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी हवा. वर्गात कुणाची जात जाहीर करणं, मेसमध्ये वेगळं बसवणं, हा भेदभावच. लेखी तक्रारीचा निर्णय 60 दिवसांत व्हायला हवा.

जातिभेदाच्या आरोपांनंतर आत्महत्या केलेले विद्यार्थी रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मातांनी अशा भेदभावाविरोधात 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर 13 जानेवारी 2026 रोजी नवे विनियम आले. 29 जानेवारीला न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन 2012चेच लागू ठेवले. म्हणून प्रवेश घेतानाच भेदभावविरोधी अधिकाऱ्याचं नाव विचारा. तक्रार दिलीत, तर पोच घ्या.