स्पर्शघटना-प्रेषण

स्पर्शघटना-प्रेषण : मोबाइल दूरध्वनीच्या स्पर्शपटलावर बोटाने केलेल्या स्पर्शाची वर्दी ॲपमधील योग्य त्या दृश्यघटकापर्यंत पोहोचविण्याची पद्धती. वापरणाऱ्यास आपण बटण दाबले असे वाटते. परंतु पटलास बटण ज्ञात नसते. बोट टेकल्यामुळे विद्युत् धारकतेत होणाऱ्या बदलावरून त्याला मुख्यतः स्पर्शाचे स्थान व वेळ कळते. तो स्पर्श कोणत्या घटकास उद्देशून होता, हे कार्यप्रणाली व ॲप यांना ठरवावे लागते.

धारकतेवर चालणाऱ्या स्पर्शपटलाचे वर्णन ई. ए. जॉन्सन यांनी इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत असताना १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. २००७ मध्ये आयफोन व २००८ मध्ये अँड्रॉइड प्रणालीचा पहिला दूरध्वनी बाजारात आल्यानंतर अशा पटलांचा प्रसार झपाट्याने झाला.

घटनामालिका : एक स्पर्श म्हणजे बोट टेकणे, सरकणे व उचलणे या घटनांची मालिका होय. मालिका मध्येच खंडित झाल्यास ‘रद्द’ ही घटना पाठविली जाते. ती मिळताच घटकाने पूर्वस्थितीस यावे, अशी अपेक्षा असते. तसे न केल्यास बटण दाबलेल्या स्थितीतच अडकून राहते.

कार्यपद्धती : ॲपचा दृश्यभाग एकात एक बसविलेल्या घटकांचा वृक्ष असतो. आयफोनच्या प्रणालीत स्पर्शबिंदू ज्यात पडतो असा सर्वांत आतला व वरचा घटक प्रथम शोधतात. लपविलेले, जवळजवळ पारदर्शक किंवा स्पर्शास बंद केलेले घटक या शोधातून वगळले जातात. सापडलेला घटक त्या स्पर्शाचा अखेरपर्यंत धनी राहतो; बोट त्याच्या सीमेबाहेर गेले तरी त्यात बदल होत नाही. त्याने घटना हाताळली नाही, तर ती जनक घटक, नियंत्रक, खिडकी व शेवटी ॲप या साखळीने वर जाते.

अँड्रॉइडमध्ये घटना बाहेरून आत उतरते व वाटेतील प्रत्येक जनक घटकास ती अडविण्याचा अधिकार असतो. उदा., सरकत्या यादीतील बटणावर बोट टेकल्यास पहिली घटना बटणास मिळते. मात्र बोट ठराविक अंतरापेक्षा अधिक सरकले, की यादी मालिका आपल्याकडे घेते व बटणास ‘रद्द’ कळविते. पहिली घटना ज्याने स्वीकारली नाही, त्याला त्या मालिकेतील पुढील घटना मिळत नाहीत.

पडद्यांमधील स्पर्श : स्पर्श चालू असताना नवा पडदा उघडला, तरी चालू मालिका साधारणतः जुन्या पडद्याकडेच राहते; नव्या पडद्यास बोट पुन्हा टेकल्यावरच घटना मिळतात. म्हणून दोन्ही पडद्यांत सलग हालचाल हवी असल्यास दोहोंच्या वरचा एखादा घटक स्पर्शाचा धनी करतात व स्थानांक प्रत्येक पडद्याच्या मापनात रूपांतरित करून देतात. पडदा बदलत असताना बटण चालूच राहिल्यास दुसरा स्पर्शही त्यालाच मिळतो व पैसे पाठविण्यासारखी आज्ञा दोनदा जाऊ शकते. यास्तव पहिल्या स्पर्शानंतर बटण तात्काळ निष्क्रिय करणे आणि एकाच व्यवहाराची पुनरावृत्ती सेवा देणाऱ्या संगणकानेही नाकारणे इष्ट असते.

सुरक्षितता : एखादे दुष्ट ॲप दुसऱ्या ॲपवर फसवे आच्छादन घालून खालच्या संमतीच्या बटणावर नकळत स्पर्श करवू शकते. आच्छादित असताना आलेले स्पर्श नाकारण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१० च्या २.३ आवृत्तीत ॲपकर्त्यांना मिळाली. २०२१ च्या १२ व्या आवृत्तीपासून परक्या आच्छादनातून आरपार जाणारे स्पर्श, काही अपवाद वगळता, प्रणालीच अडविते.

स्पर्शक्षेत्राचा आकारही महत्त्वाचा ठरतो. ॲपल कंपनीने किमान ४४ बिंदू व गूगलने ४८ घनता-निरपेक्ष एकके एवढी बाजू सुचविली आहे. हात थरथरणाऱ्या वृद्धांना व रुग्णांना याचा विशेष उपयोग होतो. कारण त्यांचा स्पर्श शेजारच्या घटकाकडे गेल्यास प्रेषण बिनचूक असूनही परिणाम चुकीचा होतो.