लॅटिन येत नाही म्हणून पदवी हुकली, पण समुद्रातला मनोरा 200 वर्षे उभा

आपल्याकडे गोव्याला गेलेला माणूस आग्वादचा 1864 चा दीपस्तंभ बघून येतो. फोटो काढतो. पण अशी गोष्ट बांधणारा इंजिनिअर नेमकं काय करतो, हे फारसं कुणी विचारत नाही. स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टीव्हन्सनची कारकीर्द पाहिली की ते कळतं.

जन्म 1772, ग्लासगो. वडील वेस्ट इंडिजमध्ये तापाने गेले तेव्हा पोर तान्हं होतं. आईने पुढे एडिंबरोच्या थॉमस स्मिथशी लग्न केलं. हा स्मिथ दिवे बनवणारा आणि 1786 साली स्थापन झालेल्या दीपस्तंभ मंडळाचा पहिला इंजिनिअर. पोरगा त्याच्याच हाताखाली तयार झाला. उन्हाळ्यात बेटांवर काम, हिवाळ्यात कॉलेजचे वर्ग. लॅटिन जेमतेम आणि ग्रीक मुळीच नाही, म्हणून पदवी काही मिळाली नाही.

त्याचं खरं काम बेल रॉकवरचं. आर्ब्रोथपासून 18 किलोमीटर आत समुद्रात हा खडक, भरतीला पूर्ण बुडणारा. 1804 साली 'यॉर्क' ही युद्धनौका सगळ्या माणसांसकट बुडाली, त्यानंतर हालचाल सुरू झाली. 1806 मध्ये संसदेने कायदा केला, 1807 मध्ये काम. ओहोटी असेल तेवढेच काही तास हातात. त्यात पाया खोदायचा, पाणी आलं की बोटीत चढायचं. पुढे खडकावर लाकडी पायांचं घर उभारलं आणि मजूर तिथेच राहू लागले. रविवारीही काम करावं लागे. धार्मिक लोकांची कुरकुर झाली, तेव्हा स्टीव्हन्सनने आधी प्रार्थना म्हणवून घेतली, मग हत्यारं हाती दिली.

2 सप्टेंबर 1807 ला जीवावरच बेतलं. त्यांचं जहाज दोर सुटून वाहून गेलं. खडकावर 32 माणसं, आणि उरलेल्या दोन बोटींत मावणार फार तर 24. पाणी चढत होतं. स्टीव्हन्सनला बोलायचं होतं, पण घशाला कोरड पडून शब्द फुटेना. तो खळग्यातलं पाणी प्यायला वाकला, तेवढ्यात बोट दिसल्याची ओरड झाली. आर्ब्रोथहून टपाल घेऊन येणारी पायलट बोट होती ती. सगळे वाचले.

मनोऱ्याचे दगड सुताराच्या सांध्यासारखे एकात एक अडकवलेले, लाट कितीही आपटली तरी सुटू नयेत म्हणून. दिवा लागला 1 फेब्रुवारी 1811 ला. श्रेय कुणाचं, यावर वरिष्ठ इंजिनिअर जॉन रेनीच्या घरच्यांशी वाद पुढे बराच चालला. आपल्याकडच्या कुठल्याही पुलाच्या उद्घाटनाला शोभेल असा!

पैशाचं गणित मला जास्त आवडतं. दिव्याचा खर्च जहाजांकडून घेतलेल्या शुल्कातून निघतो. आपल्याकडेही तेच, आता 2021 च्या कायद्याखाली.

स्टीव्हन्सन 1850 मध्ये वारला. अ‍ॅलन, डेव्हिड, थॉमस हे तिन्ही मुलगे याच धंद्यात आले. थॉमसचा मुलगा मात्र इंजिनिअरिंग सोडून लेखक झाला: 'ट्रेझर आयलंड'वाला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. बेल रॉकवर 1988 पासून दिवा आपोआप चालतो, राखणदार नाही. दगडी मनोरा तोच आहे.