चौकटीत मावणारी फौज

सुपरहिरोंच्या टोळीचं कॉमिक जोखायचं ते गर्दीच्या चौकटीवरून. एकटा वीर कुणीही दिमाखात उभा करील. सहा-सात जण एकाच वेळी झेपावताना कोण कुठला हे क्षणात कळलं पाहिजे. जॅक कर्बीने १९६१ मध्ये ‘फॅन्टॅस्टिक फोर’ काढली, तेव्हा एक लांबणारा, एक दगडी, एक पेटता आणि एक अदृश्य होणारी असे चार देहच वेगळे ठेवले. पुढे १९७५ मध्ये डेव्ह कॉक्रमने ‘एक्स-मेन’ला स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस दिले. त्यांना नुसत्या काळ्या शाईत भरलं तरी बाह्यरेषेवरून नाव सांगता येतं.

मी बंगळुरूच्या बोम्मसंद्र्यात राहतो. या शहराचा चित्रकथेशी संबंध जुना. ‘अमर चित्र कथा’च्या आरंभीच्या परीकथा कानडीतून निघाल्या त्या इथूनच, २००६ मध्ये ‘व्हर्जिन कॉमिक्स’चा स्टुडिओही इथेच होता. पण हिंदीतल्या सुपरहिरोंचा माग काढत गेलो, तर वाट थेट पुण्याला पोचते.

दिल्लीच्या ‘राज कॉमिक्स’ने १९८६ मध्ये नागराज आणला. त्याला पहिलं रूप दिलं पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. ‘अमर चित्र कथा’त देवादिकांवर मुरलेला हात! अमिताभ बच्चनला सुपरहिरो करणारा ‘सुप्रीमो’ही त्यांनीच काढला. खरी टोळी मात्र ‘राज कॉमिक्स’च्याच ‘भोकाल’ या मालिकेत: भोकाल, तुरीन, शूतान, अतिक्रूर. श्रेयनामावलीत ‘कदम स्टुडिओ’ एवढंच असे. त्या नावामागे होते दिलीप कदम.

हेच कदम ‘अमर चित्र कथा’च्या ४२ भागांच्या ‘महाभारता’चे चित्रकार. भोकालचं कौतुक करणारेसुद्धा हा धागा सोडून देतात, म्हणून जरा थांबतो. अमेरिकन चित्रकाराला रंगीत पोशाख मदतीला असतो: लाल धावणारा, निळा उडणारा. कुरुक्षेत्रावर ती सोय कुठली? जो तो मुकुट, बाजूबंद, धोतर घालून रथात उभा. भीम आणि दुर्योधन दोघेही धिप्पाड, दोघांच्याही हाती गदा. फरक करायचा तो खांद्यांच्या ठेवणीतून, मानेच्या झोकातून, चेहऱ्यावरच्या भावातून. गर्दीची याहून कठीण तालीम मला सुचत नाही. भोकालची मंडळी एकमेकांत मिसळत नाहीत ती याच जातीच्या कसबामुळे, असं माझं मत आहे. घोड्याचे स्नायू, तलवारीचा फटका, वाऱ्यावर उडणारं वस्त्र हे सगळं पुराणचित्रांतून आलेलं. अमेरिकेची उसनवारी त्यात फार थोडी.

नंतर ‘राज कॉमिक्स’ने नागराज, ध्रुव, परमाणू वगैरेंना ‘ब्रह्मांड रक्षक’ म्हणून एकत्र आणलं. त्या काळात अनुपम सिन्हांची रेषा गाजली. ती चपळ आहे, चौकटीही ठासून भरलेल्या. पण माणसांना वजन मुळीक-कदमांच्याच चित्रांत.

पुण्यात चित्रप्रदर्शनांना तोटा नाही. या दोघांची मूळ पानं एकत्र मांडायला एखाद्या संस्थेने पुढे यावं. आणि कुणाच्या माळ्यावर भोकालचे जुने अंक असतील, तर कृपया ते रद्दीत घालू नका.