क्रम यंत्राला कसा सांगायचा?

प्रथिनात कोणती अमिनो आम्ले आहेत, एवढ्यावरून त्याचे काम कळत नाही. ती कोणत्या क्रमाने जोडली आहेत, हे पाहावे लागते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 आम्ले असतात. तिच्या पहिल्या जागी निरोगी माणसातही व्हॅलीनच असते. पण सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी तेच व्हॅलीन आले, की सिकलसेलचा दोष निर्माण होतो. असे ज्ञान यंत्राला अनुमान काढता येईल अशा रूपात लिहिण्यासाठी ऑन्टॉलॉजीच्या भाषा आहेत. त्यांपैकी ‘आउल’ची शिफारस वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 2004 मध्ये केली. तिच्यात वर्ग आणि नाती नेमकी मांडता येतात, क्रमासाठी मात्र तयार सोय नाही. तिच्या पायाशी असलेल्या आरडीएफमध्ये याद्या आहेत, पण आउलच्या तर्कक्षम रूपाने त्या स्वतःच्या व्याकरणासाठी राखून ठेवल्या.

प्रत्येक घटकाला क्रमांक द्यावा, हा उपाय सहज सुचतो. तो अपुरा आहे, कारण दोन घटकांच्या क्रमांकांची एकमेकांशी तुलना आउलमध्ये मांडता येत नाही. क्रमांक नुसती चिठ्ठी बनून राहतो. मँचेस्टरच्या संशोधकांनी 2006 मध्ये मांडलेली रचना मला अधिक पटते. तिच्यात दोन नाती आहेत. ‘लगेच पुढचा’ हे नाते फार तर एकाशीच असते. ‘नंतर कधीतरी येणारा’ हे त्याहून व्यापक नाते साखळीभर पुढे सरकते, म्हणून अ नंतर ब आणि ब नंतर क असेल, तर अ नंतर क येतो हे यंत्र स्वतःच ताडते. टायरोसीन फॉस्फेटेज या प्रथिनांची खूण म्हणजे सिस्टीन, मग कोणतीही पाच आम्ले, मग आर्जिनिन. ही खूण सहा ‘लगेच पुढच्या’ पावलांत लिहिता येते. यादीचा शेवटही सांगावा लागतो. जे सांगितले नाही ते नाहीच, असे आउल मानत नाही. त्यामुळे शेवट न सांगितल्यास ‘ही खूण इथे नाही’ असा निष्कर्ष कधीच निघत नाही.

यावर कुणी म्हणेल, हे काम साधा प्रोग्रॅम क्षणात करतो. खरेच करतो, आणि लांबलचक जनुकक्रम चाळायला तोच वापरावा. पण मग व्याख्या त्या प्रोग्रॅमच्या पोटात राहते. ती दुसऱ्या व्याख्यांशी विसंगत आहे का, हे अनुमानयंत्राला तपासता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ‘या दोन क्रमांतला प्रत्येक घटक जुळतो’, असे कोणत्याही लांबीच्या क्रमांसाठी या रचनेत सांगता येत नाही. ही उणीव मान्य करायलाच हवी. प्रत्येक प्रश्नाचा निकाल कधी ना कधी लागावा, म्हणून आउलच्या तर्कक्षम रूपाची ताकद मुद्दाम मर्यादित ठेवली आहे. म्हणून वर्गाची ओळखच क्रमावर ठरते तिथे क्रम ऑन्टॉलॉजीत लिहावा. नुसता शोध घ्यायचा असेल, तर प्रोग्रॅम पुरेसा आहे.