डेटाबेस प्रणालींची पारख

ग्रंथालयातील तालिकापत्रांचा खण पुष्कळांच्या परिचयाचा असतो. पत्रे ग्रंथकारांच्या नावांप्रमाणे लावलेली असली, तर एखाद्या ग्रंथकाराची सर्व पुस्तके क्षणार्धात सापडतात. परंतु जलसिंचनावर कोणकोणती पुस्तके आहेत, असे कोणी विचारले, तर सारा खण चाळावा लागतो. विषयवार लावलेला दुसरा खण ठेवल्याने ही अडचण दूर होते. मात्र प्रत्येक नव्या पुस्तकाचे पत्र दोन्ही ठिकाणी घालावे लागते. संगणकातील माहितीच्या साठ्यांसही, म्हणजेच डेटाबेसनाही, हाच नियम लागू पडतो. असा साठा सांभाळणाऱ्या व त्यातून हवी ती नोंद काढून देणाऱ्या व्यवस्थेस डेटाबेस प्रणाली म्हणतात. अशा प्रणाली आज अनेक आहेत. त्यांतील उत्तम कोणती, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. पण त्याचे प्रामाणिक उत्तर कसे शोधावे, हे ठरविण्यास कित्येक वर्षे लागली.

अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमेतील सॅटर्न-५ या अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्याच्या गरजेतून आय.बी.एम. कंपनीची आय.एम.एस. ही प्रणाली १९६० नंतरच्या दशकात जन्मास आली. तीत नोंदी वृक्षाच्या शाखांप्रमाणे एकीखाली एक लावलेल्या असत. त्याच दशकात चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत रचलेल्या प्रणालीत नोंदी दुव्यांनी जोडलेल्या असून त्यांचे एक जाळेच बने. या दोन्ही पद्धती वेगवान होत्या. परंतु इष्ट नोंदीपर्यंत कोणत्या वाटेने जावयाचे, हे आज्ञावली लिहिणाऱ्यास ठाऊक असावे लागे. वाट बदलली की आज्ञावलीही बदलावी लागे.

१९७० साली एडगर कॉड यांनी निराळा विचार मांडला. सर्व माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी. काय हवे तेवढेच माणसाने सांगावे आणि ते कोणत्या वाटेने आणावयाचे, हे यंत्रावर सोपवावे. ही कल्पना सुबोध असली तरी व्यवहारात अतिशय मंद ठरेल, असा अनेकांचा आक्षेप होता. १९७४ साली अॅन आर्बर येथे भरलेल्या परिषदेत कॉड व बाकमन यांच्यात या प्रश्नावर जाहीर वाद झाला. तथापि निर्णय वादाने लागला नाही. सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ आणि बर्कली येथील विद्यापीठात ‘इंग्रेस’ या प्रणाली प्रत्यक्ष बांधल्या गेल्या, तेव्हाच तक्त्यांची पद्धती व्यवहार्य असल्याचे सिद्ध झाले.

यानंतर तक्त्यांवर आधारलेल्या अनेक प्रणाली बाजारात आल्या व प्रत्येक उत्पादक आपलीच प्रणाली वेगवान असल्याचे सांगू लागला. १९८३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिड ड्यूइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक प्रणालींना तेच तक्ते व तेच प्रश्न देऊन लागलेला वेळ मोजला आणि प्रणालींच्या नावांसह तो प्रसिद्ध केला. त्यानंतर काही उत्पादकांनी आपल्या परवानापत्रांत असे कलम घातले, की पूर्वसंमतीवाचून कोणी अशी मोजमापे प्रसिद्ध करू नयेत. हे कलम आजही ड्यूइट यांच्याच नावाने ओळखले जाते.

१९८५ साली जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी बँकेतील जमाखर्चावर आधारलेली एक कसोटी सुचविली. ग्राहकाने पैसे भरले की चार कामे व्हावयाची: त्याच्या खात्यातील शिल्लक बदलणे, रोखपालाची रक्कम बदलणे, शाखेची एकूण रक्कम बदलणे आणि घडल्या व्यवहाराची नोंद करणे. ही चारही कामे मिळून एकच व्यवहार होय. मध्येच वीज गेली, तर एक तर चारही कामे पुरी झालेली असावीत, नाही तर एकही झालेले नसावे. अन्यथा कोणाचे तरी पैसे हिशेबातून नाहीसे होतील. ही हमी पाळण्यास वेळ लागतो. म्हणूनच जी प्रणाली हमी सोडून देते, ती शर्यतीत सहज पुढे जाते.

उत्पादकांनी ही कसोटी उचलली खरी, पण अडचणीच्या अटी गाळून. त्यामुळे सर्वांना समान नियम असावेत या हेतूने १९८८ साली टी.पी.सी. ही परिषद स्थापन झाली. तिच्या पहिल्या कसोटीत असा नियम होता, की दर सेकंदास जितके व्यवहार केल्याचा दावा असेल, त्यातील प्रत्येक व्यवहारामागे १ शाखा, १० रोखपाल व १,००,००० खाती साठ्यात असलीच पाहिजेत. लहानसा तक्ता यंत्राच्या शीघ्र स्मृतीत सहज मावतो, आणि त्यावर गाजविलेला वेग खऱ्या बँकेच्या उपयोगाचा नसतो. वेगाबरोबर प्रत्येक व्यवहारामागील खर्च सांगणे आणि वर सांगितलेली हमी तपासून दाखविणे हेही आवश्यक ठरले.

पुढे एकच साठा दूरदूरच्या अनेक संगणकांवर विभागण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा तुलनेत आणखी एका प्रश्नाची भर पडली. आगगाडीतील शेवटची एक जागा दोन शहरांतील खिडक्यांवर एकाच वेळी मागितली गेली आणि नेमका तेव्हाच त्यांना जोडणारा दुवा तुटला, असे समजू. प्रणालीने दोघांस थांबविले तर काम अडते. दोघांस जागा दिली तर एकाच जागेचे दोन धनी होतात. अशा प्रसंगी अचूकता व अखंड सेवा या दोहोंपैकी एकीचा त्याग अटळ आहे, असे अनुमान एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडले. सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ साली ते गणिताने सिद्ध केले. येथे वेगाचा आकडा काहीच सांगू शकत नाही. दुवा तुटल्यावर प्रणाली काय करते, हेच विचारावे लागते.

म्हणून दोन प्रणालींची तुलना वाचताना काही गोष्टी तपासून पाहाव्यात. दोहोंना दिलेली माहिती व कामे सारखीच होती काय? साठा प्रत्यक्ष गरजेएवढा मोठा होता काय? खर्च पूर्ण सांगितला आहे काय? मोजमाप करणाऱ्याचा त्यात काही लाभ होता काय? आणि वीज गेली अथवा दुवा तुटला, तर नोंदींचे काय होते? ज्या तुलनेत या प्रश्नांची उत्तरे नाहीत, तिच्यातील आकडा कितीही मोठा असला, तरी त्यावर कोणाचेही खाते सोपविता येत नाही.